नदीतल्या खडीवर उतरलेलं छोटं विमान शेवटच्या क्षणी उलटं का होतं, आणि मित्राबरोबर जावं का

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सिएटलला राहतात, स्वतः प्रायव्हेट पायलट आहेत, पण सगळं फ्लाइंग सेस्ना १७२ वर आणि पक्क्या रनवेवर झालंय. अलास्कातल्या एका मित्राकडे सुपर कब (पुढे-मागे दोन सीटचं छोटं विमान) आहे आणि ऑगस्टमध्ये तो ह्यांना मासेमारीला घेऊन जाणार, नदीच्या पात्रात खडीवर उतरून. त्याआधी ह्यांनी एक व्हिडिओ बघितला: तसंच विमान, अलगद टेकलं, थोडं पळालं, जवळजवळ थांबलंच होतं आणि तेवढ्यात नाकावर उभं राहिलं आणि पाठीवर पडलं. आतले दोघं स्वतःच्या पायांनी बाहेर आले. तर लँडिंग एवढं चांगलं असून विमान उलटलं कसं, चूक कोणाची, आणि आपण जावं का नाही?

मी अलास्कात टेलव्हील (तिसरं चाक नाकाऐवजी शेपटीखाली असलेलं विमान) आणि रनवे सोडून इतरत्र उतरायचं शिकवतो, आमचं बरंचसं ट्रेनिंग पामरजवळ क्निक नदीच्या पात्रातल्या खडीवरच होतं, त्यामुळे ह्या प्रकारचा अपघात मला चांगलाच माहितीये. सविस्तर लिहितो, कारण ह्याचं एका ओळीत उत्तर दिलं तर ते चुकीचंच होईल.

आधी ते "लँडिंग चांगलं होतं" हे डोक्यातून काढा. रनवेवर आपण टेकणं मऊ झालं की लँडिंग चांगलं म्हणतो, कारण पुढचं डांबर सगळीकडे सारखंच आहे हे गृहीत असतं. नदीत तसं नसतं. चाक टेकलं तिथे घट्ट गोटे, त्यापुढे साठ फुटांवर गाळ, त्यापुढे परत गोटे आणि मध्येच पुरात वाहून आलेला ओंडका अर्धा पुरलेला. व्हिडिओतलं विमान टेकताना नाही, पळतानाच्या शेवटच्या भागात मऊ रेतीत गेलं, आणि तो भाग मऊ आहे हे पायलटला उतरायच्या आधी माहीत नव्हतं किंवा माहीत असून तिथपर्यंत पोचणार नाही असं वाटलं होतं. म्हणजे अपघात दिसला तो जमिनीवर, पण ठरला होता दोन-तीन मिनिटं आधी, वरून पाहणी करताना.

आता उलटतं कसं ते. टेलव्हील विमानात मेन चाकं पुढे असतात आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या थोडासाच मागे आणि बराच वर असतो. तुमच्या १७२ ला नाकाखाली एक चाक आहे, इथे पुढे काहीच नाही. सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक उचलतं ना, हे अगदी तेच आहे. रेतीने चाकं धरली की खाली जोर मागे ओढणारा आणि वर सगळं वजन पुढे जाणारं, शेपूट उचलतं, आणि शेपूट जसं वर जातं तसा गुरुत्वमध्य चाकांच्या अजून वर आणि पुढे येतो, म्हणजे एका मर्यादेनंतर थांबवायला काहीच उरत नाही. स्टिक पूर्ण मागे ओढून शेपूट खाली दाबून धरायचं असतं, पण ते काम करतं एलिव्हेटरवरून, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या भागावरून, जाणाऱ्या हवेमुळे, आणि विमान १५-२० मैलांच्या वेगावर आलं की ती हवाच नसते. म्हणून हे बहुतेक वेळा शेवटी शेवटी होतं, जेव्हा बघणाऱ्याला वाटतं आता झालं. मऊ जागेत अडकल्यासारखं वाटलं तर ब्रेक पूर्ण सोडून, स्टिक पोटात घेऊन थोडी पॉवर देणं हा उपाय आहे, प्रोपेलरची हवा शेपटीवर जाते आणि ते खाली राहतं, पण ज्याने हे आधी करून बघितलेलं नाही त्याचा पाय अशा वेळी ब्रेकवरच जातो.

मोठ्या टायरबद्दल पण एक गैरसमज आहे. २९, ३१, ३५ इंची टायर लावले की कुठेही उतरता येतं असं लोकांना वाटतं. गोट्यांवर आणि टुंड्राच्या (झाडं नसलेल्या थंड माळरानाच्या) उंचवट्यांवर ते खरंच फार चांगले, कमी हवेत दगडाला गिळून टाकतात. पण त्यांनी विमान उंच होतं, वजन वाढतं, आणि ब्रेक नीट धरणारे असतील तर उलटायची ताकद पण वाढते. टायर जागा चांगली करत नाही, वाईट जागेत तुम्हाला थोडी जास्त माफी देतो एवढंच.

दुसरं म्हणजे स्पीड. सुपर कब फ्लॅप्स (पंखाच्या मागच्या झडपा) लावून साधारण ४३ मैल ताशी स्टॉल होतं, म्हणजे त्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत, त्यामुळे चांगला पायलट अगदी हळू येऊन टेकतो. थांबायला लागणारी जागा ग्राउंड स्पीडच्या (जमिनीच्या हिशोबाने वेगाच्या) वर्गाने वाढते. ४५ ऐवजी ५५ ने टेकलात तर जागा दीडपट लागते. आणि वारा? एअरस्पीड (हवेच्या हिशोबाने वेग) ४५ च ठेवा, १० मैलांचा वारा समोरून असेल तर जमिनीवर ३५, तोच वारा मागून घेतलात तर ५५, म्हणजे जवळजवळ अडीचपट जागा, तेच विमान आणि तोच पायलट. नदीच्या खोऱ्यात वारा बहुधा पात्राच्या दिशेने वाहतो पण प्रवाहाच्या वर की खाली हे तासातासाला बदलतं, ग्लेशियर जवळ असेल तर बर्फावरून गार हवा खाली घसरत येते. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) कुठे नसतो. पाण्यावरच्या लहरी बघायच्या, विलोच्या झुडपांची पानं उलटी होऊन पांढरट दिसतात ती दिशा बघायची.

अलास्कातल्या वाल्डीझ गावात मे महिन्यात कमी जागेत उतरायची स्पर्धा असते, त्याचे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील, १०-२० फुटांत थांबणारी विमानं. ते लोक अप्रतिम उडवतात, माझा पूर्ण आदर आहे. पण ती विमानं सगळं सामान काढून हलकी केलेली, पेट्रोल जेमतेम, एकटा पायलट, समोरून वारा आणि खाली माहितीतली जागा. तुमच्या मित्राचं विमान तसं नसणारे. हिशोबच करा: सुपर कबचं मूळ जास्तीत जास्त वजन १७५० पौंड. मोठे टायर वगैरे लावलेलं रिकामं विमान ११५० धरा. उरले ६००. दोन्ही टाक्या भरल्या तर ३६ गॅलन, म्हणजे २१६ पौंड. राहिले ३८४, आणि त्यात तुम्ही दोघं बूट-जॅकेट घालून बसलात की संपलं. तंबू, जेवण, गळ, परत येताना मासे, ह्याला जागाच नाही. २००० पौंडांपर्यंतची एसटीसी (मूळ विमानात बदल करायची सरकारी मंजुरी) घेतलेली विमानं पण बरीच आहेत, मित्राकडे ती आहे का हे विचारा, पण कागदावर वजन वाढलं म्हणून विमान वाईट जागेतून लवकर उठतं असं नाही.

आणि ह्यातून सगळ्यात महत्त्वाचं येतं, जे नवीन माणसाला पटकन लक्षात येत नाही: जिथे उतरता येतं तिथून उडता येईलच असं नाही. उतरताना मऊ रेती तुम्हाला थांबवायला मदत करते, उडताना तीच रेती धरून ठेवते. १९३७ सालची गोष्ट आहे. बॉब रीव्ह हा वाल्डीझचा पायलट, चिखलाच्या मैदानावरून स्की लावलेलं विमान उडवून ग्लेशियरवर उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि बॉब बेट्स ह्या गिर्यारोहकांना कॅनडाच्या युकॉनमधल्या माउंट लुकेनियाच्या पायथ्याशी, वॉल्श ग्लेशियरवर सोडलं. उतरला व्यवस्थित, पण त्या वर्षी अवेळी गरम झालेलं होतं आणि बर्फाचा रबरबाट झाला होता, विमान त्यात रुतलं आणि निघायला काही दिवस लागले, कसंबसं एकट्याने उडाला तो. परत ह्यांना घ्यायला येता येणार नाही हे उघडच होतं. त्या दोघांनी शिखर सर केलं आणि मग पलीकडे माउंट स्टीलवरून उतरून शंभराहून जास्त मैल चालत बाहेर आले. ती माणसं वेगळ्याच ताकदीची होती. तुम्ही मासे पकडायला जाताय.

म्हणून इथला शहाणा पायलट काय करतो, तर सामान आणि माणसं एकदम नेत नाही. लहान जागेवरून एकेक करून जवळच्या खडीच्या मोठ्या, घट्ट पट्ट्यावर आणतो आणि तिथून सगळं भरून उडतो. वेळ जातो, पेट्रोल जातं, पण हे करणारे पायलट बघितले की मला समाधान वाटतं. ऑगस्टमध्ये अजून एक, ग्लेशियरच्या नद्यांना उन्हामुळे दुपारनंतर पाणी चढतं, वर पाऊस झाला तर आणखीनच. सकाळी सहाशे फूट लांब असलेला पट्टा संध्याकाळी तेवढाच असेल असं धरून चालू नका.

जागा वरून कशी बघायची ते सांगतो, म्हणजे मित्र हे करतोय का नाही ते तुम्हाला मागच्या सीटवरून कळेल. पहिला फेरा उंचावरून, पाचशे फुटांच्या आसपास: वारा, तारा, झाडं, गो-अराउंड केला (न उतरता परत वर गेलात) तर बाहेर पडायची दिशा. मग खालून, पट्ट्याच्या बाजूने, म्हणजे पायलटला त्याच्या खिडकीतून पृष्ठभाग दिसेल असा. लांबी मोजायची सोपी पद्धत म्हणजे ६० मैल ताशी ग्राउंड स्पीड म्हणजे सेकंदाला ८८ फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेकंद लागले तर ८८० फूट. खडीच्या पट्ट्याचं वरचं टोक, म्हणजे प्रवाह येतो ते, तिथे मोठे गोटे असतात आणि खालच्या टोकाला बारीक रेती आणि गाळ, कारण पाणी जड माल आधी टाकतं. वरून बारीक खडी वाटलेले दगड खाली डोक्याएवढे निघतात, विशेषतः भर दुपारी किंवा ढगाळ उजेडात जेव्हा सावली पडत नाही. तिरप्या उन्हात बघणं सगळ्यात चांगलं, प्रत्येक दगडाची सावली दिसते. त्यानंतर जागा अनोळखी असेल तर उडत्या स्पीडने, पॉवर ठेवून, चाकं फक्त हलकेच लावून पुढे जायचं, थांबायचं नाही, परत उडायचं. चाकांना कसं लागतं ते स्टिकवर आणि बुडाखाली कळतं, आणि मग वळून येऊन स्वतःच्याच चाकांच्या खुणा बघायच्या. खुणा खोल दिसल्या किंवा त्यात पाणी भरून काळ्या पडल्या तर तिथे उतरायचं नाही. एवढं करूनही मन साशंक असेल तर दुसरी नदी शोधायची.

आणि हे सगळं करताना खाली बघत बघत घट्ट गोल गोल फिरणं हा अलास्कातला फार जुना मारेकरी आहे. लोक खाली मूस (मोठं हरीण) दिसला की त्याच्याभोवती फिरतात, नजर खाली, स्पीड कमी होतो, वळण वाऱ्यामुळे आणखी घट्ट केलं जातं आणि आतला पंख स्टॉल होतो, तीनशे फुटांवरून सावरायला जागा नसते. ह्याला मूस स्टॉलच म्हणतात. खडीवर उलटलेल्या विमानातून लोक बहुतेक वेळा चालत बाहेर येतात, ह्यातून नाही. त्यामुळे भीती वाटायची असेल तर पाहणीच्या वळणाची वाटू द्या, तिथे मित्राला मोठ्याने स्पीड वाचून दाखवा, कोणालाही त्याचा राग येऊ नये.

आता समजा झालंच. विमान उलटं, तुम्ही सीटच्या पट्ट्याला लटकलेले. पहिली गोष्ट, बकल उघडायचं नाही. आधी एक हात छताला घट्ट टेकवायचा, पाय कुठेतरी रोवायचे, हनुवटी छातीला, मग उघडायचं. अपघातात खरचटलंही नाही आणि बकल उघडल्यावर डोक्यावर पडून मान दुखावली असं खरंच होतं. पायलटने मास्टर (विजेचं मुख्य बटण), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) आणि फ्युएल बंद करायचं. टाक्या पंखात असतात, उलटं झालं की व्हेंटमधून पेट्रोल ठिबकायला लागतं, म्हणून लगेच बाहेर, लांब, आणि त्याच्या आसपास काडी सुद्धा पेटवायची नाही. सुपर कबचं दार उजव्या बाजूला, वर-खाली उघडणारं दोन भागांचं. फ्रेम वाकली तर अडकतं, मग खिडकीचं प्लास्टिक फोडून निघायचं. हे दार कसं उघडतं हे जमिनीवर असताना डोळे मिटून दोन-चार वेळा करून बघा.

खांद्याचे पट्टे नक्की बघा. अमेरिकेत लहान विमानांना पुढच्या सीटसाठी ते सक्तीचे झाले ते १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या विमानांना, आणि बरीचशी सुपर कब त्याच्या आधीची, १९४९ पासूनची आहेत. बऱ्याच मालकांनी नंतर बसवून घेतलेत, पण पुढे बसवले आणि मागची सीट नुसत्या कंबरपट्ट्यावर असं पण असतं. तुम्ही मागे बसणार आहात. मागे खांद्याचा पट्टा नसेल तर माझं सरळ मत आहे, जाऊ नका, तो बसवल्यावर जा.

बाहेर आल्यावर प्रश्न एकच असतो, आपण कुठे आहोत हे कोणाला माहितीये. विमानातला ईएलटी (अपघातानंतर मदतीचा सिग्नल देणारा ट्रान्समीटर) धक्क्याने आपोआप चालू होतो, पण हळू उलटलेल्या विमानात तेवढा धक्का बसेलच असं नाही, तो हाताने चालू करावा लागतो. शिवाय अँटेना असते विमानाच्या पाठीवर, आणि विमान पडलंय पाठीवरच, म्हणजे ती तुटलेली किंवा चिरडलेली असायची शक्यता मोठी. ९ ऑगस्ट २०१० ला डिलिंगहॅमजवळ ऑटर विमान डोंगरावर आदळलं, अलास्काचे माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स त्यात मरण पावले, नऊपैकी चार जण वाचले. त्यात ईएलटी आपल्या चौकटीतून निसटला होता, अँटेनापासून सुटला होता, आणि सिग्नल गेलाच नाही. तो अपघात वेगळ्या प्रकारचा होता पण हा धडा सगळ्यांना लागू आहे. जुना फक्त १२१.५ मेगाहर्ट्झ वाला ईएलटी असेल तर १ फेब्रुवारी २००९ पासून सॅटेलाइट ती फ्रिक्वेन्सी ऐकतच नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झ वाला हवा, एनओएएकडे (अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था) रजिस्टर केलेला, आणि त्याशिवाय तुमच्या स्वतःच्या जॅकेटच्या खिशात एक पीएलबी (खिशात मावणारं तसंच सिग्नलचं यंत्र) किंवा सॅटेलाइट मेसेंजर. बॅगेत नाही, खिशात. इथले पायलट म्हणतात, अंगावर असेल ते जीव वाचवायचं सामान, विमानात राहील ते कॅम्पिंगचं सामान. आणि विमान पेटलं किंवा पाण्यात गेलं की ते शब्दशः खरं होतं.

फ्लाइट प्लॅन फाइल करायला लावा, आणि नुसतं "नदीवर चाललोय" नको, कुठली नदी, कुठला भाग, तिथे जमलं नाही तर दुसरी जागा कुठली, सगळं. वेळेनंतर अर्ध्या तासात प्लॅन बंद झाला नाही की फ्लाइट सर्व्हिस (पायलटना माहिती देणारी सेवा) चौकशी सुरू करते, आणि पुढे शोध घेतं ते एल्मेंडॉर्फ-रिचर्डसन लष्करी तळावरचं रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर. पण शोधायचं कुठे हे माहीत असलं पाहिजे. १६ ऑक्टोबर १९७२ ला काँग्रेसमन हेल बॉग्ज आणि निक बेगिच ह्यांना घेऊन अँकरेजहून जूनोला निघालेलं सेस्ना ३१० गायब झालं, ३९ दिवस शोधलं, देशातले एवढे मोठे नेते होते, तरी आजपर्यंत तुकडा सापडलेला नाही. एवढा मोठा मुलूख आहे हा. म्हणून विमान सोडून चालायला लागू नका, उलटं पडलेलं पांढरं-पिवळं विमान माणसापेक्षा वरून कितीतरी लवकर दिसतं.

सामानाबद्दल अलास्कात कायदाच आहे, त्याची बरीच वर्षं चाललेली यादी अशी होती: प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल एवढं खाणं, कुऱ्हाड, फर्स्ट एड, मासेमारीचं साहित्य, चाकू, आग पेटवायचं साधन, प्रत्येकाला डासांची जाळी, दोन सिग्नल द्यायच्या वस्तू, १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल स्नोशूज आणि स्लीपिंग बॅग पण. डासांची जाळी वाचून हसू नका, ऑगस्टमध्ये नदीकाठी एक रात्र काढली की कळतं ती यादीत का होती. भिजलात तर आधी कोरडे व्हा, ग्लेशियरच्या पाण्याची थंडी आपल्याकडच्या माणसाच्या अंदाजात बसत नाही. ढग खाली आले तर हेलिकॉप्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येईल हे धरूनच जा.

कागदपत्रांचं थोडक्यात. नुसता प्रोपेलर, टायर, लँडिंग गिअर, पंखाचं टोक एवढंच गेलं असेल तर एनटीएसबीच्या (अपघातांची चौकशी करणारी अमेरिकन संस्था) व्याख्येत ते मोठं नुकसान धरत नाहीत. पण उलटलेल्या विमानात बहुतेक वेळा पंखाचे स्ट्रट (आधाराचे दांडे), स्पार (पंखातला मुख्य दांडा) किंवा रडर (शेपटीचं उभं सुकाणू) वाकतं, मग तो अपघातच, ताबडतोब कळवायचा, आणि माणसं काढणं किंवा पुढचं नुकसान टाळणं सोडून अवशेष हलवायचे नाहीत. इन्शुरन्समध्ये रनवेबाहेरचं लँडिंग कव्हर आहे का ते मित्राला विचारा, बऱ्याच पॉलिसीत नसतं, आणि हेलिकॉप्टरने विमान उचलून आणायचा खर्च फार मोठा असतो. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर तो दगडाने सरळ करून घरी उडवत आणायच्या गोष्टी तुम्ही ऐकाल; त्या विमानात बसू नका. आतून क्रँकशाफ्टला काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, लायकमिंग कंपनीचं इंजिन असेल तर तपासणी सक्तीची आहे.

चूक कोणाची? रिपोर्टमध्ये पायलटचं नाव येणार आणि ते योग्यच आहे, जागा त्याने निवडली. पण तो बेफिकीरच होता असं मी व्हिडिओवरून म्हणणार नाही. बहुतेक गावांना रस्ता नसलेल्या ह्या राज्यात माणसं अशीच उतरतात, शाळेची पुस्तकं आणि औषधं पण अशीच पोचली आहेत, आणि चांगली माणसं पण कधीतरी मऊ जागेत जातात.

जावं का? मित्राने ती जागा ह्याच उन्हाळ्यात बघितली असेल, वजनाचा हिशोब तुमच्यासमोर कागदावर करत असेल, मागे खांद्याचा पट्टा असेल, तर जा, फार सुंदर अनुभव आहे. जमलं तर आधी तुमच्याकडेच थोडं टेलव्हील शिकून या, म्हणजे पुढे काय चाललंय ते कळेल. आणि एक छोटी गोष्ट: सुपर कबमध्ये मागच्या सीटसमोर पण स्टिक असते, पुढच्या स्टिकला जोडलेली. मांडीवर बॅग घेऊन, जाड जॅकेट घालून बसलात की ती पूर्ण मागे येत नाही, आणि खडीवर शेपूट खाली धरायला पायलटला नेमकी तीच पूर्ण मागे लागते. ती काढता येते, निघायच्या आधी मित्राला काढून ठेवायला सांगा.